बाल्टिमोरची पायडलवर चालणारी शिल्पं

बाल्टिमोरच्या रस्त्यावर सहसा मे महिन्यात फिफी नावाचा अवाढव्य गुलाबी पूडल कुत्रा फिरतो आणि आत बसलेली माणसं घामाघूम होऊन पायडल मारत असतात. ही अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियमची कायनेटिक स्कल्प्चर रेस, म्हणजे माणसांनी चालवलेल्या शिल्पांची शर्यत. मूळ कल्पना कॅलिफोर्नियातल्या फर्नडेलची, १९६९ सालची. इथे एका दिवसात साधारण २४ किलोमीटर जायचं: डांबरी रस्ता, कँटन भागात थेट हार्बरच्या पाण्यात, मग पॅटरसन पार्कातली वाळू आणि चिखल. इंजिन अर्थातच नाही. बरोब्बर मधल्या क्रमांकावर येणाऱ्यालाही बक्षीस असतं, आणि सर्वात संस्मरणीय बिघाडाला ‘गोल्डन डायनासोर’!

अशी गाडी बनवताना शाळा-कॉलेजची मुलं बहुधा आधी प्राण्याचं डोकं करायला घेतात. फोटो झकास येतात, पण क्रम उलटा हवा. पहिला हिशेब पाण्याचा. चार जणांचे २८० किलो, गाडीचे २००, एकूण ४८०. गोड्या पाण्यात एक लिटर हवा साधारण एक किलो तोलते, म्हणजे २०० लिटरच्या दोन प्लॅस्टिक पिंपांवर गाडी बुडणारच. चार पिंपं लावली की ती साठ टक्के पाण्यात राहतात. एवढी शिल्लक हवीच. पिंपं दोन्ही कडांना जितकी लांब बांधाल तितकं बरं, नाहीतर वरच्या डोक्याच्या वजनाने सगळंच कलंडतं. पिंपांऐवजी थर्माकोल वापरलात तर त्यावर पॉलिएस्टर रेझिन किंवा साधा स्प्रे पेंट नको, थर्माकोल विरघळतो. इपॉक्सी चालतं.

खरी परीक्षा चाकांची. सायकल वळताना झुकते, चारचाकी झुकत नाही. सगळा आडवा जोर आऱ्यांवर येतो आणि २६ इंची चाक पापडासारखं वाकतं. २० इंची, ३६ किंवा ४८ आऱ्यांची चाकं घ्या, वाळूसाठी रुंद टायर लावा आणि तिथे हवा कमी करा. मागची दोन्ही चाकं एकाच एक्सलला घट्ट जोडली तर वळणावर एक चाक घासत जातं. एकाच चाकाला जोर दिला तर चिखलात तेवढंच गरगर फिरतं. स्वस्त तोडगा म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फ्रीव्हील (पायडल थांबलं तरी चाक पुढे मोकळं फिरू देणारी दातेरी चकती) आणि वेगळी चेन. वळताना बाहेरचं चाक आपोआप पुढे पळतं, सरळ जाताना दोन्ही ओढतात. मोटारीत दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरेन्शियलची गरज उरत नाही.

चिखलासाठी गिअर असा ठेवा की पायडलच्या एका फेरीत चाक अर्धीच फेरी फिरेल. वेग ताशी तीन किलोमीटरही भरणार नाही, पण गाडी रुतणार नाही. चेन ताणताना चौघांना गाडीत बसवा. रिकाम्या गाडीवर नीट बसलेली चेन वजनाने सांगाडा लवला की सैल होते आणि उतरते. लांब चेनला मध्ये आधाराची पुली लागतेच.

कला शेवटी: अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि त्यावर नायलॉनचं कापड. कागदाचा लगदा पाण्यात टिकत नाही. रिमवर दाबणारे ब्रेकही पाण्यातून बाहेर आल्यावर नीट लागत नाहीत, त्यामुळे डिस्क ब्रेकवर पैसे वाचवू नका.