१ ऑगस्टचा दिनविशेष, सालासकट

१ ऑगस्टला सकाळी मोबाईल उघडला की दोन फोटो शेजारी शेजारी दिसतात, लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, खाली विनम्र अभिवादन. मग थोड्या वेळाने कोणीतरी दिनविशेषची ती लांबलचक यादी टाकतं, जन्म, मृत्यू, घटना, सगळं एकेका ओळीत. मला ह्या याद्या लहानपणापासून प्रचंड आवडतात, शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायचं काम मी मागून घ्यायचे, आणि आजही पेपर हातात आला की आधी तो चौकोन शोधते. पण एक गोष्ट मनाला लागते, आपण तारीख वाचतो आणि साल सोडून देतो.

म्हणजे बघा, टिळक गेले १ ऑगस्ट १९२० ला. आणि अण्णा भाऊ जन्मले १ ऑगस्ट १९२० ला. तारीख तर एक आहेच पण सालही तेच, दिवस अगदी तोच, रविवार. मी हे जेवढ्या लोकांना सांगितलंय त्यातले बरेच जण थबकतात, अरे हो की, असं म्हणतात, आणि ह्यातले कित्येक जण दरवर्षी दोघांना एकाच पोस्टमध्ये अभिवादन करणारे असतात.

आणि त्या एका रविवारी अजून एक गोष्ट सुरू झाली, असहकाराची चळवळ. गांधीजींनी १ ऑगस्ट हीच तारीख आधीपासून ठरवलेली होती, त्याच तारखेचं पत्र लिहून त्यांनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयला परत केलं. सिंधचा दौरा आटोपून ते त्याच सकाळी मुंबईत पोचले होते, बरोबर जवाहरलाल नेहरू होते, आणि पोचतात तर शहर सगळं रस्त्यावर, कारण मध्यरात्र उलटून थोडाच वेळ झाला असेल तेवढ्यात सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला होता.

सरदारगृह म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या समोरची ती जुनी इमारत, टिळक मुंबईत आले की तिथेच उतरायचे. आज खाली एवढी गर्दी आणि गोंगाट असतो की मान वर करून बघायचं कोणाला सुचत नाही, पण कधी गेलात तर नक्की थांबा. लोकांना अंत्यदर्शन घेता यावं म्हणून टिळकांचा देह बसलेल्या स्थितीत ठेवला होता, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. तिथून लाखोंची अंत्ययात्रा निघाली, गांधीजींनी खांदा दिला, खिलाफत चळवळीच्या शौकत अलींनी दिला, आणि दहन कुठे तर गिरगाव चौपाटीवर. चौपाटीवर कधी कोणाला अग्नी देत नसत, त्या दिवसापुरती खास परवानगी मिळाली. तिथे आज टिळकांचा पुतळा उभा आहे, आपण भेळ खात त्याच्या समोरून जातो.

आता ह्या एवढ्या गर्दीत गिरणी कामगार किती असतील ह्याचा विचार करा, आणि त्यासाठी बारा वर्षं मागे जावं लागतं.

१९०८ चा जुलै. टिळकांवर केसरीतल्या लेखांवरून राजद्रोहाचा खटला चालला, न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते! ज्युरीने सात विरुद्ध दोन असा दोषी ठरवणारा कौल दिला आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी २३ जुलै, टिळकांचा बावन्नावा वाढदिवस. आणि त्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, शिक्षेच्या एकेका वर्षाला एकेक दिवस असा सहा दिवस संप झाला, लष्कर बोलवावं लागलं, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हा कामगारांची धड युनियनसुद्धा नव्हती. लेनिननं त्या वर्षी ह्या संपाबद्दल लिहून ठेवलंय. शाळेत आम्ही १ ऑगस्टला अध्यक्ष महाशय पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रमैत्रिणींनो अशी सुरुवात करून शेंगांची टरफलं सांगायचो आणि खाली बसायचो, ह्या संपाबद्दल एक अक्षर कोणी सांगितलं नाही. मला तर आजही वाटतं की टिळकांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सन्मान कोणता असेल तर तो हा, गिरणीत बारा-चौदा तास राबणाऱ्या माणसांनी आपली मजुरी सोडून केलेला.

माझे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे हे मला जरा जास्तच जवळचं आहे हे मान्य.

आता त्याच १ ऑगस्टला तिकडे वाटेगावात, आजचा सांगली जिल्हा, वाळवा तालुका, मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाईंच्या घरी तुकाराम जन्मला. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच आपले अण्णा भाऊ. ज्या जमातीत जन्म झाला तिच्यावर इंग्रज सरकारनं जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारलेला, उठता बसता हजेरी. शाळा जवळपास नाहीच. पोट भरायला ते सगळं कुटुंब गावातून मुंबईपर्यंत पायी आलं, पायी! आज पुणे-बंगळूर हायवेवरून गाडीत बसून सुद्धा तो रस्ता संपता संपत नाही. आणि मुंबईत आल्यावर हा मुलगा वाचायला कसा शिकला तर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचून. एकेक अक्षर जुळवत. पुढे ह्याच माणसानं तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, कथा लिहिल्या, पोवाडे, लावण्या, लोकनाट्यं लिहिली, फकिरा ही कादंबरी बाबासाहेबांना अर्पण केली आणि तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

पडेल ते काम केलं त्यांनी, हमाली केली, गिरणीतही राबले. माटुंगा लेबर कॅम्पात राहिले, नंतर घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. १९४४ मध्ये शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर ह्यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं, आणि मग गिरणगावात ते तिघं म्हणजे काय चीज होती ते जुन्या माणसांकडून ऐकावं. आजोबा सांगायचे की हलगी कडाडली की चाळीतली माणसं ताटावरून उठून कामगार मैदानाकडे जायची, पाळीवरून सुटलेले तसेच डब्यासकट यायचे, अंगावर कापसाचे तंतू चिकटलेले. तमाशात आधी गणपतीला वंदन करणारा गण व्हायचा आणि मग कृष्ण आणि गवळणींची गौळण, अण्णा भाऊंनी गौळण काढून टाकली आणि गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन घातलं. लोकांनी ते घेतलं, कारण पुढे जे यायचं ते त्यांचंच असायचं, सावकार, दलाल, भाडं, रेशन.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळातलं त्यांचं ते माझी मैना गाणं आठवा. गावाकडे बायको ठेवून मुंबईला आलेला कामगार आधी तिची आठवण काढतो, आणि बघता बघता ती मैना म्हणजे बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव होऊन जाते, महाराष्ट्रापासून तोडलेला मुलूख. गिरणगावातल्या जवळजवळ प्रत्येक खोलीत असा एक माणूस होता ज्याची मैना खरोखर गावाकडे होती, म्हणून ते गाणं पोचलं.

आता एक अवघड गोष्ट पण बोलायलाच पाहिजे. १ ऑगस्टला काही ग्रुपवर भांडणं लागतात, कोणाचा फोटो आधी, कोणाचा मोठा, मग टिळकांची वेदोक्त प्रकरणातली, म्हणजे शाहू महाराजांना वेदमंत्रांनी विधी करण्याचा अधिकार नाकारला गेला त्या वादातली भूमिका निघते, मुलींच्या शिक्षणाबद्दलचे त्यांचे विचार निघतात. हे मुद्दे निघायलाच पाहिजेत, टिळकांची मतं तशी होती हे खरं आहे, वेदोक्तात टिळक शाहू महाराजांच्या विरोधात उभे राहिले हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि ज्या समाजव्यवस्थेत अण्णा भाऊंना शाळा मिळाली नाही ती व्यवस्था बदलायला टिळकांनी हातभार लावला असंही मी म्हणणार नाही. पण तेल्यातांबोळ्यांचा पुढारी असं त्यांना म्हटलं जायचं आणि १९०८ ला रस्त्यावर उतरलेल्या कामगारांना कोणी आमिष दाखवून आणलं नव्हतं, हेही तेवढंच खरं. दोन्ही गोष्टी एकत्र मनात ठेवता आल्या पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. आणि अण्णा भाऊंचं नुसतं फोटोपुरतं नाव घेण्यापेक्षा त्यांची एखादी कथा त्या दिवशी घरात मोठ्याने वाचा. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी सांगितलं होतं की पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरलेली आहे. मॉस्कोत २०२२ मध्ये त्यांचा पुतळा बसला ते ह्या ताकदीमुळेच.

आता वाढदिवस. ह्या तारखेचा माझा सगळ्यात लाडका वाढदिवस भगवानदादांचा. भगवान आबाजी पालव, जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावती. वडील गिरणी कामगार, म्हणजे परत गिरणगावच! पोरगा कुस्तीचा शौकीन, मजुरी करता करता मूकपटांत शिरला, स्टंटपट काढले, आणि १९५१ ला अलबेला आला. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, हिरो पण तोच, सोबत गीता बाली आणि संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. आणि तो नाच, गुडघे जरासे वाकवून, हात अर्धवट वर, खांद्यातून हलकासा झोका देत पुढे सरकायचं, अंगाला त्रास न देता ठेक्यात राहायचं. अमिताभनं तोच नाच उचलला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, महाराष्ट्रातला कुठलाही माणूस, ज्याला नाच येत नाही असा, विसर्जनाच्या मिरवणुकीत जे काही करतो ते भगवानदादांचंच असतं. टिळकांनी सार्वजनिक केलेला गणपती आणि त्याच्यापुढे भगवानदादांची स्टेप, हे दोघं एका तारखेत यावेत ह्याचा मला दरवेळी आनंद होतो.

दादांचे शेवटचे दिवस फार हलाखीत गेले. बंगला गेला, गाड्या गेल्या, परत दादरच्या चाळीतल्या खोलीत आले, मिळेल ती छोटी कामं केली. पण असं सांगतात की गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीखाली थांबायची, बँडवाले अलबेलातलं गाणं धरायचे आणि दादा बाहेर येऊन ती स्टेप करेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. ४ फेब्रुवारी २००२ ला ते गेले.

४ फेब्रुवारी वरून आठवलं, १९७२ मध्ये ह्याच ४ फेब्रुवारीला पाकिजा प्रदर्शित झाला, आणि त्यातली मीनाकुमारी पण १ ऑगस्टचीच, १९३३, मूळ नाव महजबीन, जन्म दादरचा. चार-पाच वर्षांची असताना कॅमेऱ्यासमोर उभी केली तिला, कारण घर चालवायचं होतं, आणि मग ती शेवटपर्यंत कमावतच राहिली. पाकिजा लागला आणि दोन महिन्यांच्या आत, ३१ मार्चला ती गेली, वय अडतीस. तिच्या कामाबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे दोन ओळीत उरकलं तर अन्याय होईल.

क्रिकेटवाल्यांसाठी पण ह्या तारखेत माल आहे. मोहम्मद निसार, १ ऑगस्ट १९१०, होशियारपूर. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली त्यात पहिल्याच डावात पाच विकेट घेणारा आपला फास्ट बोलर. आणि वेस्ट इंडिजचे सर फ्रँक वॉरेल, १ ऑगस्ट १९२४, बार्बाडोस. १९६२ च्या दौऱ्यात आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्याला चेंडू लागून जीवावर बेतलं तेव्हा पहिलं रक्त दिलं ते प्रतिस्पर्धी कप्तान असलेल्या वॉरेल ह्यांनी. बंगालमध्ये दरवर्षी ३ फेब्रुवारीला त्यांच्या नावानं रक्तदान होतं.

महसूल दिनाचं पण सांगते, कारण यादीत ती एक ओळ असते आणि ती का असते ते कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं आणि ३१ जुलैला संपतं, तलाठ्यांचं गावाचं दप्तर त्या हिशोबानं चालतं.

आणि ३१ जुलै म्हणताच अजून एक. टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९२१ ला गांधीजींनी विदेशी कापडाची मोठी होळी केली, ती परळला, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, गिरणीमालक उमर सोभानींच्या जागेत. म्हणजे १९०८ चा संप, १९२० ची अंत्ययात्रा, १९२१ ची होळी, अण्णा भाऊ, भगवानदादांचे वडील, कुठूनही सुरुवात केली तरी ही तारीख गिरणीच्या भोंग्यापाशी येते. आता तिथे टॉवर आणि मॉल आहेत, दिनविशेषात ही ओळ मात्र अजून कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिली.

तुमच्या घरात कोणी लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडीकडचं जुनं माणूस असेल तर येत्या १ ऑगस्टला फोटो फॉरवर्ड करायच्या आधी त्यांच्याशेजारी बसा आणि लाल बावट्याचा कार्यक्रम कधी पाहिला होता का, कुठल्या मैदानावर, अमर शेखांचा आवाज कुठपर्यंत ऐकू यायचा, एवढं विचारा आणि ते सांगतील ते सालासकट लिहून ठेवा.