मालवणात एकादशी

नाताळात मालवणला जाऊ नये, हे मला ठाऊक होतं. पण लेकाच्या शाळेला सुट्टी तेव्हाच, बायकोला रजा मिळाली तीही तेव्हाच, आणि आईला सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता, "गुडघे साथ देतायत तोवर." २५ डिसेंबर २०२४, बुधवार. पुण्याहून पहाटे चारला निघालो आणि फोंडा घाट उतरून दीडच्या सुमारास मालवणात पोचलो.

जेवायला याहून वाईट वेळ नाही. किल्ल्यावरून होड्या परतत असतात, तारकर्लीला पाण्यात खेळून आलेली पोरं ओल्या चड्ड्यांनी गल्लीत फिरत असतात, आणि एमएच १२, ०९, १०, १३ अशी सगळी घाटावरची मंडळी एकाच वेळी एकाच चार खानावळींच्या दारात उभी असते. का? तर मोबाइलवर त्याच चार वर दिसतात. आम्हीही त्यातलेच. दारात एक पोरगा शंभरपानी वही घेऊन उभा होता. "नाव सांगा, किती माणसं?" आमचा नंबर सत्ताविसावा. सव्वातीनला टेबल मिळालं तेव्हा सुरमई संपली होती, पापलेट संपलं होतं, आणि पोरगा "बांगडा चालेल?" असं विचारत होता, जणू तो चूक कबूल करतोय. मला विचाराल तर तिखल्यातला बांगडा सुरमईपेक्षा सरस. पण दोन तास ताटकळल्यावर चव कळते असं नाही. सोलकढी मात्र तिघांनी दोन-दोन वाट्या प्यायली.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी. गुरुवार, २६ तारीख: मार्गशीर्षातला चौथा गुरुवार आणि वर सफला एकादशी. कालनिर्णयच्या पानाचा फोटो बायकोच्या मोबाइलमध्ये होता, पण तो उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. आईने उद्यापन तिसऱ्या गुरुवारीच उरकलं होतं, पण उपास तो उपासच. एरवी गुरुवार संध्याकाळी पुरणाचा नैवेद्य दाखवून सोडता येतो. एकादशी आली की तेही नाही, थेट द्वादशीला पारणं.

सकाळी किल्ला झाला. आई होडीत एका हाताने काठ आणि दुसऱ्याने माझा दंड धरून बसली, पण तटावरून हिंडली मात्र आमच्या पुढे. खाली उतरल्यावर शोध सुरू. पहिल्या ठिकाणी "व्हेज थाळी आहे की!" व्हेज थाळी म्हणजे भात, चपाती, काळ्या वाटाण्याची उसळ; एकादशीला त्यातलं काय चालणार? दुसरीकडे साबुदाणा वडा होता, पण आईने कढईकडे एकदा पाहिलं आणि मला कोपराने ढोसलं. त्याच तेलात कोळंबी तळत होती. मी म्हटलं, निदान सोलकढी तरी घे, कोकम आणि नारळच तर आहे. आई म्हणाली, "लसूण कुणी टाकली त्यात, मी?" मुद्दा बिनतोड होता. शेवटी बाजारातून डझनभर केळी, भाजके शेंगदाणे आणि दोन शहाळी घेतली.

उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी केळ्यांची पिशवी पाहिली आणि विचारलं. सांगितल्यावर त्या भडकल्याच. "मगे माका सकाळीच सांगूक नाय तां? आमचोय आज गुरुवार!" त्यांच्या घरातही त्या दिवशी मासळी शिजली नव्हती, पाहुण्यांची थाळी मागच्या पडवीत वेगळ्या चुलीवर होत होती. दोन दिवस आम्ही पुढच्या अंगणातून ये-जा केली आणि आम्हाला पत्ता नव्हता. अर्ध्या तासात वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि बिनलसणाची सोलकढी आली, मिरचीसुद्धा नुसती ठेचून घातलेली. आई आणि काकू ओसरीवर शेजारीशेजारी जेवल्या. समोरच्या ख्रिस्ती घरावर कागदी चांदणी लागली होती, दारात गोठ्याचा देखावा होता. लेक तिथून एक करंजी खात परतला. ती त्यांच्या घरची, नाताळची. त्यांच्याकडे तिला नेवरी म्हणतात.

काकूंनी पैसे घेतले नाहीत, म्हणजे वरीच्या तांदळाचे घेतले नाहीत. आमच्या तिघांच्या थाळ्यांचे चोख मोजून घेतले.

शुक्रवारी पारणं घावन आणि नारळाच्या रसावर झालं. पावणेबाराला आम्ही त्याच वहीवाल्या पोराच्या दारात हजर. या खेपेला वहीत पहिलं नाव आमचं. ताट आलं तेव्हा आईने सुरमईचा तुकडा बोटाने उलटून पाहिला, वास घेतला आणि पोराला म्हणाली, "कालची उरलेली नाही ना रे? काल खाणारे कमी असतील."