मला 'टायटॅनिक' आवडत नाही

रविवार, रात्री उशिरा

आज भाचीने 'टायटॅनिक' लावला. ती पहिल्यांदाच बघत होती, ताई कितव्यांदा कोण जाणे. शेवटी दोघी मुसमुसत होत्या. मी गप्प बसलेली पाहून ताई म्हणाली, "तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

वाटतं ना. राग येतो. तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून काढते आहे.

1998 मध्ये सिनेमा आपल्याकडे आला तेव्हा मी कॉलेजात होते. ज्याच्या-त्याच्या तोंडी जॅक आणि रोज. मला मात्र ती प्रेमकथा तेव्हाही पटली नाही. श्रीमंत मुलगी, फाटका चित्रकार, दुष्ट वाग्दत्त वर. पहिल्या दहा मिनिटांत कळतं कोण वाईट आणि कोण चांगलं, आणि मग हिमनग येईपर्यंत दीड तास तेच. जहाज बुडायला लागलं की मात्र खरोखर जीव टांगणीला लागतो. ते काम अफाट आहे, 11 ऑस्करांबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरीच आहे. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने समुद्राच्या तळाशी जाऊन खरं जहाज पाहिलं. गालिचे, बश्या, जिन्याचं कोरीवकाम, सगळं हुबेहूब करून घेतलं. मग एवढी काळजी त्या जहाजावरच्या खऱ्या माणसांची का नाही घेतली? 15 एप्रिल 1912 च्या पहाटेपर्यंत तिथे सुमारे 1500 माणसं मेली. त्यांना नावं होती, घरं होती.

फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डॉक. सिनेमात तो नायिका रोज हिच्या होणाऱ्या नवऱ्याकडून लाच घेतो, गर्दीवर गोळ्या झाडतो आणि मग स्वतःवर. पैसे शेवटी तोंडावर फेकतो खरा, पण डाग लागायचा तो लागतोच. एका अधिकाऱ्याने स्वतःवर गोळी झाडल्याचं काही वाचलेल्यांनी सांगितलं होतं, पण तो कोण होता हे कधीच सिद्ध झालं नाही. लाचेला तर कसलाच आधार नाही. उलट उजव्या बाजूच्या होड्या त्याच्या देखरेखीखाली उतरल्या, आणि जवळपास बायका-मुलं उरली नसतील तर तो पुरुषांनाही बसू देत होता. कितीतरी पुरुष त्यामुळे जिवंत घरी गेले. तो स्वतः गेला, त्याचा देहही सापडला नाही. स्कॉटलंडमधलं डॅलबीटी हे त्याचं गाव. तिथे त्याच्या नावाची स्मृतिशिळा आहे, नातेवाईक आहेत. सिनेमा आल्यावर ते सगळे दुखावले आणि 1998 मध्ये स्टुडिओचा माणूस गावात जाऊन माफी मागून आला. शाळेत मर्डॉकच्या नावाने बक्षीस असतं, त्यासाठी 5000 पौंड दिले. सिनेमातला प्रसंग मात्र आहे तसाच राहिला. आज माझ्या भाचीने तोच मर्डॉक पाहिला आणि "बरं झालं मेला" म्हणाली. मला ते फार लागलं.

कॅनडात हॅलिफॅक्सला फेअरव्ह्यू लॉन नावाची दफनभूमी आहे. टायटॅनिकवरचे शंभराहून जास्त लोक तिथे पुरलेले आहेत. त्यांतल्या एका दगडावर 'जे. डॉसन' असं कोरलंय. सिनेमानंतर लोक तिथे फुलं ठेवायला लागले, सिनेमाची तिकिटं ठेवायला लागले, सिनेमातल्या जॅक डॉसनसाठी! तिथे आहे जोसेफ डॉसन. जहाजाच्या पोटात, बंकरमधला कोळसा भट्ट्यांपर्यंत ओढून नेणारा, डब्लिनचा, ऐन विशीतला मुलगा. खिशात युनियनचं कार्ड सापडलं म्हणून नाव तरी कळलं. वर डेकवर प्रेम रंगलेलं असताना हा खाली त्या धुरळ्यात राबत होता. नावांचा हा योगायोग ठरवून केलेला नव्हता असं सिनेमावाले सांगतात, आणि माझा त्यावर विश्वास आहे. तरी वाईट वाटायचं ते वाटतंच. मेल्यावर पंच्याऐंशी वर्षांनी फुलं मिळाली, तीही कधी नव्हत्याच अशा माणसाच्या नावाची.

आणि फांग लांग. हे आठवलं की मला बसवत नाही.

तिसऱ्या वर्गात आठ चिनी प्रवासी होते, त्यांतले सहा वाचले. फांग लांग पाण्यात एका लाकडी फळीवर तरंगत होता. माणसं शोधायला परत फिरलेली 14 नंबरची होडी त्याच्यापर्यंत पोहोचली. शुद्धीवर आल्यावर त्याने वल्हं हातात घेतलं आणि इतरांसाठी मारायला लागला, असं त्या होडीतल्या एका बाईने नंतर लिहून ठेवलंय. एवढं करून न्यूयॉर्कला पोहोचल्यावर काय, तर चिनी लोकांना बंदी घालणाऱ्या कायद्यामुळे त्या सहाही जणांना दुसऱ्याच दिवशी देशाबाहेर पाठवलं. वर काही वर्तमानपत्रांनी ते भित्रे, लपून होडीत शिरले, असंही छापलं.

दिग्दर्शकाला हे ठाऊक होतं. त्याने एका चिनी माणसाला लाकडावरून वाचवतानाचा प्रसंग चित्रित केला होता. मग तो कापला. सिनेमाच्या शेवटी अशाच फळीवर तरंगून वाचणारी रोज मात्र राहिली.

त्या फळीवर, शेजारी पाण्यात गारठून मेलेला जॅकही मावला असता का, यावर जगभर किती वर्षं वाद चाललाय! 2023 मध्ये दिग्दर्शकाने त्याचे प्रयोगसुद्धा करून दाखवले, थंड पाणी, माणसं, सगळं. एका काल्पनिक मुलाचा जीव वाचू शकला असता का हे शोधायला एवढी खटपट. खराखुरा वाचलेला माणूस संकलनात गेला त्याबद्दल कोणी भांडत नाही. मी हे बोलले तर ताई म्हणते, "अगं, सिनेमा आहे तो." सिनेमाच आहे, म्हणून तर म्हणते. बहुतेकांना टायटॅनिक म्हणजे एवढंच माहीत असणार. माझ्या भाचीला आज तेवढंच माहीत झालं.

तो कापलेला प्रसंग बघायला मिळतो. उद्या तिला दाखवणार आहे, आणि मर्डॉकचंही सांगणार आहे.