१९५१ च्या शेव्हरोले पिकअपचे हॉर्न दुरुस्त करताना

मिशिगनमधल्या माझ्या गॅरेजमध्ये १९५१ ची शेव्हरोले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप आहे. १९४७ ते १९५५ या काळात निघालेल्या ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतली ही गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि ब्रेक उत्तम स्थितीत होते, परंतु बॉनेटखालचे डेल्को-रेमीचे दोन्ही हॉर्न पूर्णपणे मुके होते. बाजारातला एखादा नवा हॉर्न बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण जुन्या गाडीचा आवाज हा तिच्या पत्र्याइतकाच मूळ असतो आणि तो एकदा गेला की छायाचित्रांतून परत मिळवता येत नाही.

हॉर्न उघडण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे शोधणे आवश्यक होते. या गाडीत स्टिअरिंगवरचे बटण हॉर्नला थेट वीज देत नाही. ते फक्त रिलेच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचच्या, ‘एस’ टोकाला अर्थिंग देते (गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडते), रिले आतल्या आत ओढला जातो आणि ‘बी’ टोकावरची बॅटरीची वीज ‘एच’ टोकातून हॉर्नकडे जाते. म्हणून प्रथम ‘एस’ टोक एका वायरने इंजिनला टेकवले. रिलेचा टक् असा आवाज आला, पण हॉर्न वाजले नाहीत. नंतर ‘बी’ आणि ‘एच’ जाड वायरने थेट जोडून पाहिले, तरीही शांतताच होती. याचा अर्थ बिघाड रिलेच्या पुढे, म्हणजे हॉर्नमध्ये किंवा त्यांच्या अर्थिंगमध्ये होता.

येथे माझ्या गाडीसारख्या सहा व्होल्टच्या गाड्यांविषयी एक गोष्ट सविस्तर सांगितली पाहिजे, कारण अशा गाड्यांतले कितीतरी चांगले हॉर्न केवळ ती ध्यानात न घेतल्यामुळे भंगारात जातात. तेवढ्याच शक्तीसाठी बारा व्होल्टच्या तुलनेत सहा व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो. गंजलेल्या जोडणीत समजा ०.१ ओहम इतकाच रोध आहे आणि हॉर्न १५ अँपिअर घेत आहे, तर तेथेच १.५ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे सहा व्होल्टचा चौथा हिस्सा. त्याच शक्तीचा बारा व्होल्टचा हॉर्न ७.५ अँपिअर घेईल आणि त्याच जोडणीत ०.७५ व्होल्ट, म्हणजे सुमारे सहा टक्केच गमावेल. माझ्या गाडीत हॉर्नचे अर्थिंग त्यांच्या ब्रॅकेटमधूनच होत होते आणि पूर्वी कोणीतरी ब्रॅकेट व त्याखालची जागा दोन्हींवर अत्यंत सुबक, जाड रंग चढवला होता. बोल्टखालचा तेवढाच रंग खरवडून पत्रा उघडा केल्यावर त्यातल्या एका हॉर्नने प्रथमच घोगरा आवाज काढला. रिलेपर्यंतची बारीक वायर काढून तेथे १० गेजची वायर घातली आणि बॅटरीच्या अर्थिंगसाठी बारा व्होल्टच्या गाड्यांना चालणारी केबल न वापरता खूप जाड केबल घेतली.

दुसरा हॉर्न मात्र उघडावाच लागला. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते कोठवर पोहोचते, हे कडेचे स्क्रू पाहून समजले. त्यांवर गंज सोडवणारे तेल टाकून एक रात्र जाऊ दिली आणि मग हलकी उष्णता देऊन ते एकेक करून सोडवले. घाई केली असती तर डोकी तुटली असती. आतली कॉइल शाबूत होती. अशा कॉइलचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असतो, म्हणून मोजताना मीटरच्या वायरींचा रोध वजा करावा लागतो. खरा दोष पॉइंटमध्ये, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांमध्ये होता. कॉइल पडद्याला जोडलेल्या आर्मेचरला (लोखंडी तुकड्याला) ओढते, आर्मेचर पॉइंट उघडते, वीज तुटते, पडदा मागे येतो आणि पॉइंट पुन्हा मिटतात. हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा चालले की हॉर्न वाजतो. या पॉइंटवर हिरवट काळा थर बसल्याने वीज पुढे जातच नव्हती. इग्निशन पॉइंटसाठीची बारीक कानस अगदी हलक्या हाताने फिरवली आणि शेवटी स्पिरिटमध्ये भिजवलेली कोऱ्या कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढली. पॉलिश पेपर मी टाळला, कारण त्याचे कण धातूत रुतून बसतात. पडद्यावरचा गंज काढून त्यावर रंगाचा केवळ पातळ थर दिला. जाड थराने त्याचे कंपन बदलते.

जुळणी करताना अँपिअर मीटर जोडून समायोजनाचा नट अगदी थोडा थोडा फिरवला आणि प्रत्येक वेळी हॉर्न क्षणभरच वाजवला, कारण कॉइल लवकर तापते. पॉइंट सतत मिटलेले राहिले तर नुसता टक् आवाज होऊन प्रवाह एकदम वाढतो आणि सतत उघडे राहिले तर काहीच होत नाही. या दोन्हींच्या मधली जागा कानाने आणि काट्याने मिळून शोधावी लागते. या नटाने आवाजाचा जोर आणि स्वच्छपणा सुधारतो, स्वराची पट्टी मात्र मुख्यतः भोंग्यातल्या हवेच्या स्तंभाच्या लांबीवर ठरते. म्हणूनच एक हॉर्न खालच्या आणि दुसरा वरच्या स्वराचा असतो. दोन्ही एकत्र वाजले तेव्हा षड्ज आणि शुद्ध गंधार यांच्या जवळचा तो भरदार मेळ ऐकू आला, जो एका नव्या हॉर्नकडून कधीच मिळाला नसता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. अशाच दुहेरी हॉर्नचे आवाज आपल्याकडच्या रस्त्यांवरही उमटले असतील, या विचाराने मला विशेष आनंद झाला.

स्टिअरिंग कॉलममधल्या वायरीचे कापडी आवरण ठिसूळ झाले होते. ते कोठेही पत्र्याला घासले तर हॉर्न आपोआप वाजू लागतो आणि थांबत नाही, म्हणून ती वायरही बदलून टाकली. हॉर्न वाजत असताना त्याच्या टोकापाशी किती व्होल्ट पोहोचतात, हे मी आता दर हिवाळ्यानंतर मोजतो. आकडा घसरलेला दिसला की प्रथम ब्रॅकेटचे बोल्ट सोडवून खालचा पत्रा घासतो, त्यावर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवतो आणि बोल्ट पुन्हा घट्ट करतो.