हबमधलं सिरॅमिक

आज सिंहगडावरून उतरताना सायकलच्या मागच्या चाकातून खरखर यायला लागली. खडकवासल्याला थांबून चाक उचलून फिरवलं, तर फ्रेमवर ठेवलेल्या बोटांना चक्क वाळू दळल्यासारखं लागत होतं. गेल्या वर्षी हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, मोठ्या हौसेने टाकलेली सिरॅमिक बेअरिंग!

संध्याकाळी दुकानात दादांनी सुईने सील उचकटलं. ग्रीसचा पत्ताच नाही, नुसतं तांबूस पाणी. फडक्याने पुसल्यावर छर्रे काळेभोर, चकचकीत, जसेच्या तसे. स्टीलच्या रिंगांवर मात्र गंज आणि बारीक खड्डे. हीच तर गोम आहे. बहुतेक 'सिरॅमिक' बेअरिंगांत फक्त छर्रे सिलिकॉन नायट्राइडचे असतात, रिंगा स्टीलच्याच. चिखल आत शिरला की ते कडक छर्रे रिंगच खातात.

आणि फायदा किती? ताशी ३० किलोमीटरला आपलं चाक मिनिटाला जेमतेम २४० फेरे घेतं. हजारो फेऱ्यांच्या यंत्रात सिरॅमिकची गोष्ट वेगळी. हबमध्ये मुळातच घर्षण नगण्य, आणि तेही बरंचसं सील आणि ग्रीसचं. टायर आणि हवा त्याच्या कितीतरी पट ताकद खातात. घड्याळाशी शर्यत लावणाऱ्यांनी जरूर वापरावं, पण पावसाळ्यात रोज चालवणाऱ्याला मी तरी सुचवणार नाही.

दादांनी साधी स्टीलची, दोन्हीकडून रबरी सीलची ६९०२ मापाची बेअरिंग बसवली. उद्या पहाटे पुन्हा गड.