दुसरीच्या वर्गात टॅबवर गणित: माझा अनुभव

कळव्यातील ज्या शाळेत मी दुसरीला शिकवते, तेथे देणगीतून आलेले टॅब पटसंख्येपेक्षा बरेच कमी होते, म्हणून दोघांत एक टॅब द्यायचे मी ठरवले. पुढे आणखी टॅब मिळाले तरी ही व्यवस्था बदलली नाही, कारण एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने बोट लावायचे असे ठरले की मुले गणिताविषयी मोठ्याने बोलू लागतात.

तयारीत विशेष काही नाही. वर्गात इंटरनेटची खात्री नसल्याने पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-अ‍ॅपवर मिळणारे साहित्य आदल्या दिवशी उतरवून ठेवावे लागते, इतकेच.

खरी परीक्षा हातच्याच्या बेरजेत होती. २७ अधिक १५ करताना अनेक मुले ३१२ लिहितात, कारण सात आणि पाच बारा, दोन आणि एक तीन, अशा दोन स्वतंत्र बेरजा ती शेजारी शेजारी मांडतात. अ‍ॅप त्यावर लाल फुली दाखवते. उत्तर का चुकले, हे मात्र शिक्षकालाच पाहावे लागते. शिवाय तीन पर्याय समोर असले की हिरवी खूण येईपर्यंत बोटे फिरत राहतात. यासाठी मी नियम केला की आधी पाटीवर मांडणी करायची, मगच पडद्याला हात लावायचा. त्यामुळे पाटीवरचे ३१२ मला तिथल्या तिथे दिसू लागले.

पडद्यावर दहा सुटे एकत्र ओढले की दशक आपोआप तयार होतो. दहा काड्या मोजून त्यांना रबर लावताना दशकाची जी जाण हातांना होते, ती यात राहून जाते. वस्तू, मग चित्र, मग चिन्ह हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेला क्रम मला येथे फार उपयोगी वाटला: आधी काड्यांचे गठ्ठे, मग टॅब, शेवटी वही.

या क्रमात टॅबची जागा मोलाची आहे, असे मी ठामपणे म्हणेन. घरी हिंदी किंवा भोजपुरी बोलणारी मुले हेडफोन लावून तीच मराठी सूचना हवी तितक्यांदा ऐकतात. सर्वांसमोर पुन्हा विचारण्याचा संकोच त्यांना राहत नाही.

वजाबाकीत गठ्ठा सोडवून सुट्या काड्या करणे पडद्यावर एका स्पर्शात होते, म्हणून तेथे टॅब देण्यापूर्वी काड्यांसाठी मी अधिक दिवस राखून ठेवते.