यावल ते काझा: गोठलेल्या इंजिनाची हकीकत

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या काझ्यात सकाळी सात वाजता मी मोटरसायकलचा स्टार्टर दाबला. तो दाबायला नको होता. रात्री मोबाईलवर उणे 11 दिसत होतं आणि गाडी होमस्टेच्या अंगणात कव्हर टाकून उभी होती. कव्हरने वारा अडतो, ऊब काही मिळत नाही. इंजिन दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं म्हणून मला हायसं वाटलं. चार मिनिटांत टेम्परेचरचा दिवा लागला. हात लावून पाहिलं तर सिलिंडरला चटका बसत होता, इंजिनात फिरणारं पाणी गार करणारा रेडिएटर मात्र लादीसारखा गार. खालचा होज, म्हणजे रबरी नळी, दाबला तर लाकडासारखा कडक. आत बर्फ झाला होता, पाणी फिरायला वाटच नव्हती. उणे तापमानात इंजिन तापतं, यावर तोवर माझा विश्वास बसला नसता. मामेभावाची एअर-कूल्ड, म्हणजे पाण्याऐवजी हवेने गार होणारी गाडी शेजारी निवांत धडधडत होती.

लगेच बंद केली, ढकलत उन्हाच्या बाजूला नेली. अकराच्या सुमारास होज मऊ झाला आणि रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून थेंब सुरू झाले. ही गोष्ट लक्षात ठेवा: गोठलेलं असेपर्यंत गळती दिसत नाही, कारण बर्फच भेग बुजवून बसलेला असतो. घाईने उकळतं पाणी ओतू नका, गार धातूला त्याने नवीन तडा जाऊ शकतो.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालो होतो. चोपडा, शिरपूर, तिथून आग्रा रोडने सेंधवा, इंदूर. पुढे जयपूर, चंदीगड, शिमला आणि किन्नौरमधून नाको, ताबो. रस्त्याबद्दल तक्रार नाही. बिघाडाचं मूळ घरीच होतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास असतो, फॅन सारखा फिरतो, कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, रिझर्व्ह टाकीतली पातळी खाली जाते. गॅरेजवाला बाटलीने पाणी घालतो, गाडी चालते, कुणाचं काही बिघडत नाही. दोन उन्हाळे असंच झालं. कूलंटचा रंग फिका पण हिरवा दिसत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. परत आल्यावर रिझर्व्ह टाकीत उरलेल्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रव किती तापमानाला गोठेल ते दाखवणाऱ्या उपकरणावर, टाकला: उणे 2. म्हणजे जवळजवळ पाणीच.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात थंडी म्हटली की केळीची काळजी. पारा दहाच्या खाली गेला की रात्री बागेला पाणी द्यायचं, बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचा. लहानपणापासून हे करत आलोय. पण कूलंट आम्ही फक्त उन्हाळ्याचं औषध समजतो. अर्धं काम त्याचं थंडीतलं आहे, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि जिथे पत्रा पातळ तिथे फोडतं. गाडी काझ्याहून पिकअपने शिमला, तिथून दिल्ली, आणि दिल्लीहून रेल्वे पार्सलने भुसावळ. पार्सलला पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसीची प्रत लागते. आरसे, लिव्हर आणि टाकी गोणपाटात नीट बांधून घ्या.

जळगावच्या मिस्त्रीने रेडिएटर उतरवला. खालच्या दोन नळ्या शेंगेसारख्या उकलल्या होत्या. वॉटर पंपाच्या झाकणावर केसाएवढी रेघ होती. त्याने सगळ्यात आधी ऑइलची काच पाहिली. ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असतं तर पाणी आत शिरलं असं धरावं लागलं असतं. आमचं स्वच्छ होतं. तरी त्याने सिलिंडर सोडला नाही. पाण्याच्या वाटा रबर आणि पट्ट्यांनी बंद केल्या, हवा भरली आणि सिलिंडर पाण्याच्या टबात बुडवला. दहा मिनिटं आम्ही दोघं वाकून पाहत होतो. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हा तो म्हणाला, "आठे पानीवर चाली जास भाऊ, तठे नई." म्हणजे इथे पाण्यावर चालून जातं, तिथे नाही.

रेडिएटरला चिकटपट्टीचा उपाय करू नका, नवीन घ्या. मी नवीनच घेतला. पंप उघडलाच आहे तर झाकणासोबत मेकॅनिकल सील (पाणी अडवणारं) आणि ऑइल सील दोन्ही बदला. पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून पाणी टपकलं तर पाण्याचं सील गेलं, ऑइल टपकलं तर ऑइलचं. ते भोक कधीही बुजवायचं नाही.

जाण्याआधी जुनं सगळं काढून कूलंट पूर्ण बदला. वरून भर घालून भागत नाही. कॉन्संट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला. असं मिश्रण साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. नुसतं कॉन्संट्रेट भरलं तर जास्त चांगलं, असं मामेभावाला वाटत होतं. तसं नाही, कूलंटमधलं मुख्य द्रव्य, शुद्ध ग्लायकॉल, उणे 13 च्या आसपासच गोठतं. बोअरचं पाणी तर अजिबात नको, आपल्याकडच्या क्षारांनी नळ्या आतून चोंदतात. भरल्यावर हवा काढा: होज दाबत राहा, फॅन लागेपर्यंत आयडलवर ठेवा, गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहा. गरम असताना कॅप उघडू नका. आणि तयार मिश्रणाची एक लिटरची बाटली सोबत असू द्या, म्हणजे वाटेत पाण्याकडे हात जाणार नाही.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी. आमच्या गल्लीत शेळ्या मोकळ्या फिरतात, म्हणून मी ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून मिस्त्रीकडेच ठेवलं.